नकोशा कंपनांची कुळकथा

मायक्रोवेव्ह फिल्टर बनवणाऱ्यांच्या तोंडी ‘स्प्युरियस’ हा शब्द शिवीसारखाच येतो. फिल्टरचं काम हव्या तेवढ्याच वारंवारिता पुढे सोडण्याचं, आणि तो बनतो रेझोनेटरांचा. रेझोनेटर म्हणजे ठरावीक वारंवारितेला घुमणारी धातूची पोकळी किंवा सर्किट बोर्डावरची तांब्याची पट्टी. तिने एकाच वारंवारितेला घुमावं एवढीच अपेक्षा. पण ती वरच्या वारंवारितांनाही, निराळ्या रीतींनी घुमते. अशी प्रत्येक रीत म्हणजे एक मोड. पहिला मोड कामाचा, बाकीचे उपद्रवी, हाच बहुतेकांचा हिशेब. आज एकाच रेझोनेटरमधून दोन-दोन, तीन-तीन बँड, म्हणजे वारंवारितांचे पट्टे, काढतात, ते या उपद्रवी मंडळींनाच कामाला जुंपून.

ही युक्ती पहिल्यांदा नीट मांडली ती लिन वेईगान यांनी. बर्कलेला पीएच.डी. करणाऱ्या या चिनी अभियंत्याचा लेख 1951मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये आला. एकाच पोकळीत पाच मोडपर्यंत जागे करता येतात आणि त्यांचा फिल्टर होतो, हे त्यात होतं. लिन चीनला परतले. त्यांच्या कल्पनेला खरं गिऱ्हाईक मिळालं ते वीस वर्षांनी, उपग्रहांमुळे.

उपग्रहावर प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. कॉमसॅट या उपग्रह-दळणवळण कंपनीच्या प्रयोगशाळेत अली अतिया आणि अल्बर्ट विल्यम्स यांनी 1970च्या दशकारंभी गोल पोकळीत एकच मोड दोनदा वापरला: एकदा आडवा, एकदा उभा. एरवी मोडची ही दोन रूपं एकमेकांची दखलही घेत नाहीत. पोकळीच्या भिंतीतून 45 अंशांवर एक स्क्रू आत घातला की ऊर्जा एकातून दुसऱ्यात जाऊ लागते. पोकळ्यांची संख्या निम्मी! सगळ्या कुळकथेत मला हा स्क्रू सर्वांत आवडतो.

बोर्डावरच्या सपाट फिल्टरांत खरी धांदल उडाली ती 2002नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्‌झ एवढा ऐसपैस पट्टा खुला केला. 2005मध्ये लेई झू, शंग सुन आणि वोल्फगांग मेन्झेल यांनी एकाच पट्टीचे पहिले तीन मोड त्यात पसरवून बसवले. मोड पसरवता येतात, तर दूरदूर ठेवून वेगवेगळे बँडही करता येतात. 2007मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी पट्टीच्या मध्यावर फांदी जोडून ते करून दाखवलं.

त्यातली गंमत तबल्याच्या शाईसारखी आहे: भार कुठे ठेवला यावर कोणता मोड हलेल ते ठरतं. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या पट्टीच्या पहिल्या मोडमध्ये मध्यावरचं व्होल्टेज शून्य असतं. त्याला फांदीचा पत्ताच लागत नाही. दुसऱ्यात ते मध्यावर कमाल, म्हणून तो खाली ओढला जातो. पहिला मोड 1.8 गिगाहर्ट्‌झला असेल, तर नुसत्या पट्टीचा दुसरा 3.6ला येतो. फांदीचा इम्पिडन्स (व्होल्टेज आणि प्रवाह यांचं गुणोत्तर) पट्टीच्या निम्मा आणि लांबी पट्टीच्या पाव ठेवा. दुसरा बरोबर 2.4ला उतरतो, पहिला जागचा हलत नाही.

कागदावर इतकं सोपं. पण बँडची जागा ठरली तरी रुंदी ठरायची असते. ती फिल्टरमधल्या शेजारच्या पट्टीपासूनच्या फटीवर अवलंबून आणि फट दोन्ही बँडांना एकच. एकाची रुंदी जमवावी, तर दुसऱ्याची बिघडते. डिझायनरचा बहुतेक वेळ जातो तो इथे.