इंदूरचा खड्डा आणि उष्णतेचा हिशेब

इंदूर म्हटले की होळकरांचा राजवाडा, सराफ्यातील रात्रीची गजबज आणि एके काळच्या कापडगिरण्या आठवतात. परंतु जगाच्या शेतकी वाङ्मयात या नगराचे नाव गेले ते एका खड्ड्यामुळे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद, दोन-तीन फूट खोल आणि कडा उतरत्या, असा तो खड्डा. त्यात काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातील मूत मुरलेली माती यांचे थर घालावयाचे, पाणी शिंपावयाचे, तीन वेळा सारे उलथावयाचे. आणि तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत खत उपसावयाचे. हीच ती ‘इंदूर पद्धती’. वरवर पाहता हे कुणब्याचे काम. पण त्या खड्ड्यात उतरून पाहिले, तर विद्यार्थ्याला भौतिक रसायनशास्त्राचे बहुतेक धडे तेथेच भेटतात.

१९२४ साली इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने तिला ३०० एकर जमीन दिली. संचालक होते आल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून ते हिंदुस्थान सरकारच्या सेवेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी लग्नापूर्वी केंब्रिज येथे एक नाजूक मोजमाप केले होते: उष्णतामान वाढले म्हणजे हिरवे पान कर्बाम्ल वायू किती अधिक वेगाने शोषते, याचे. उष्णता आणि वेग यांचे नाते त्या घराला नवे नव्हते. संस्थेतील रासायनिक काम यशवंत डी. वाड यांच्याकडे होते. १९३१ साली या प्रयोगांचे पुस्तक ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. लोकांनी पुढे त्यांतले पहिले तेवढे लक्षात ठेवले.

प्रश्न जुनाच होता. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाई, पऱ्हाट्याही जळणात जात, आणि शेताच्या वाट्याला उरे तो उकिरडा. वरून वाळलेला, आतून कोंदलेला. बरे, काडीकचरा तसाच नांगरून मातीत गाडावा, तर पुढचे पीक पिवळे पडे. याचे कारण हिशेबी आहे. काडीत कर्ब फार आणि नत्र थोडे. ती कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना शरीर बांधण्यासाठी नत्र हवे असते. काडीत ते न मिळाल्यास ते मातीतून उचलतात आणि पीक उपाशी राहते. म्हणून हे कुजणे शेताबाहेर, खड्ड्यात उरकून घ्यावे, आणि आरंभीचे मिश्रण असे जुळवावे की एक भाग नत्रामागे सुमारे ३३ भाग कर्ब असावा. खत तयार होईपर्यंत कर्ब वायुरूपाने निघून जाऊन हे प्रमाण साधारण १० वर येते.

तो कर्ब जातो कसा? तो जळतो, मात्र ज्वाळेवाचून. १८४० साली हेस या रसायनज्ञाने एक नियम मांडला: आरंभ आणि शेवट तेच असतील, तर एकूण उष्णता तीच, वाट कोणतीही असो. पऱ्हाटीचा जो भाग पूर्णपणे कर्बाम्ल वायू आणि पाणी होतो, तो चुलीत होवो की खड्ड्यात, तेवढ्यापुरती उष्णता सारखीच. चूल ती घटकाभरात देते आणि नत्र धुरावाटे घालवते. खड्डा तीच उष्णता ९० दिवस पुरवून खर्चतो आणि नत्र राखतो. इंदूरच्या खड्ड्यात आरंभी सुमारे ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतामान चढे आणि अखेरीस ३० अंशांजवळ उतरे.

येथे आर्‍हेनियसचे सूत्र कामास येते. त्याने १८८९ साली उष्णतामान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध गणिताने बांधला. ढोबळ मानाने दर १० अंशांना वेग दुप्पट होतो. २५ चे ६५ झाले म्हणजे चार वेळा दुप्पट, अर्थात सोळापट! कुजण्याने ऊब, उबेने अधिक कुजणे. मग खड्डा पेट का घेत नाही? कारण हे काम सजीवांच्या विकरांकडून होते. ६५-७० अंशांपलीकडे विकरे मोडतात, जंतू मरू लागतात आणि वेग आपोआप उतरतो. शिवाय वाफ उष्णता घेऊन जाते. प्रयोगशाळेतील भट्टीला एवढा चोख लगाम क्वचितच असतो.

बाकीची कृतीही अशीच सहेतुक होती. कठीण पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत. पृष्ठभाग वाढला की क्रियेला जागा मिळते. कुजताना आम्ले होतात व जंतूंना ती मानवत नाहीत. राख त्यांना मारक ठरते. खोली बेताची ठेवावयाची आणि पहारीने भोके पाडावयाची, ती प्राणवायू तळापर्यंत झिरपावा म्हणून. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते, तेव्हा ढीग जमिनीवरच रचीत.

गंमत अशी, की याच हॉवर्डांनी १९४० साली लिहिलेल्या ग्रंथात शेतीतील रसायनज्ञांना धारेवर धरले. लीबिगचा शेतीवरील प्रसिद्ध ग्रंथ १८४० चा. त्यापासून शंभर वर्षे शास्त्र नत्र, स्फुरद, पालाश यांच्या गोण्या मोजीत बसले, असा त्यांचा रोख होता. तक्रारीत तथ्य होते. पण ती अपुरी होती. ज्या खड्ड्याच्या बळावर ते बोलत होते, त्याचे प्रत्येक माप रसायनशाळेतूनच आलेले होते. वाड यांचे नाव मागे पडण्यास हा रोषही काही अंशी कारण झाला असावा. वाड मात्र थांबले नाहीत; हॉवर्ड १९३१ साली परतल्यावर संचालक जॅक्सन यांच्यासह त्यांनी शहरातील मैला व केरकचरा याच पद्धतीने मुरविण्याचे काम हाती घेतले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजीही संस्थेत जाऊन हे खड्डे पाहून गेले.

तरी एक उणीव राहिलीच. खड्ड्यातील ६५ अंशांवर भात शिजत नाही. शेण खड्ड्यात घाला म्हणून सांगणाऱ्यांनी, चुलीत काय घालावे, हे घरच्या बाईला सांगितले नाही. त्याचे उत्तर बंद टाकीत होते. प्राणवायू मिळाला नाही, तर कुजण्याची वाट बदलते: उष्णता फारशी बाहेर पडत नाही, ती मिथेन वायूत साठून राहते आणि बर्नरवर तो जाळला की मिळते, नत्र खाली रबडीत उरते. हिशेब पुन्हा हेसचाच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच असा वायू काढला गेला होता. इंदुरात फेब्रुवारी २०२२ मध्ये, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता असलेला वायूचा कारखाना सुरू झाला. त्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालवाव्यात अशी योजना होती, आणि टाकीतून उरते ते खत.