पूर्व आफ्रिकेंतील रुपयाच्या नोटा व त्यांचें वाचन

ताम्रपट, सनदा, महजर व हुंड्या यांचा संग्रह आपल्याकडे आस्थेनें होतो. परंतु परदेशीं चाललेल्या कागदी चलनाकडे संशोधकांची दृष्टि क्वचितच वळते. पूर्व आफ्रिकेच्या जुन्या नोटा तरी या उपेक्षेस पात्र नाहींत. कारण त्यांपैकीं पुष्कळांवरील नाणें आपला रुपयाच आहे. मुंबई, पनवेल यांसारख्या बंदरांच्या गांवीं एखाद्या जुन्या पेटींतून असा कागद निघाल्यास तो रद्दींत जाऊं नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

‘रूप’ शब्दापासून ठसा उमटविलेलें या अर्थीं पाणिनीनें ‘रूप्य’ शब्द साधला आहे. त्याच कुळांतील रुपया एकोणिसाव्या शतकांत व्यापाऱ्यांबरोबर झांजीबार, मोंबासा व दारेसलाम येथें रूढ झाला. जर्मनांनींही आपल्या वसाहतींत ‘रुपी’ हेंच नांव ठेविलें. प्रथम तिचे ६४ पेसा होत असत. पुढें १९०४ सालीं शंभर हेलर ठरविण्यांत आले. ‘पेसा’ हा आपला पैसाच, हें सांगणें नलगे.

झांजीबार सरकारच्या १९०८ सालच्या नोटा प्रथम घेऊं. त्यांवर एका बाजूस शिडाचें गलबत व दुसऱ्या बाजूस लवंगांची तोडणी अशीं दोन चित्रें आहेत. इंग्रजीबरोबर अरबी व गुजराती अक्षरेंही आहेत. गलबताचा अर्थ उघड आहे. ईशान्येच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेस जावें व नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर परतावें, हा त्या समुद्रावरील व्यापाराचा क्रम होता. लवंगांचें चित्र मात्र सावधपणें वाचिलें पाहिजे. त्या बेटावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ सालीं काढून घेण्यांत आली. म्हणजे नोटेच्या तारखेपूर्वीं अवघीं अकरा वर्षें. ज्या बागांचें हें चित्र, त्या गुलामांच्या श्रमानें वाढल्या होत्या. पुढें बागाइतदारांच्या डोक्यावर हिंदी सावकारांचें कर्ज चढलें, आणि १९३७ सालीं लवंगांच्या खरेदीविषयीं झालेल्या कायद्यामुळें हिंदी व्यापाऱ्यांनीं बहिष्कार पुकारला. तो १९३८ सालीं तडजोडीनें मिटला. चित्रांत यांतील कांहींच नाहीं. सनदेंत देणाऱ्याचें औदार्य दिसतें, रयतेचा वसूल दिसत नाहीं; तसाच हा प्रकार होय.

गुजराती ओळीवरून कित्येक अभिमानानें असें अनुमान काढतील कीं, राज्यकर्त्यांनीं हिंदी लोकांचा हा सन्मान केला. आमचे मतें तें टिकण्यासारखें नाहीं. नोट ही वचनचिठ्ठी असते. जो ती गल्ल्यांत घेणार, त्यास ती वाचतां आली पाहिजे. त्या किनाऱ्यावरील पेढ्या मुख्यतः कच्छी व गुजराती व्यापाऱ्यांच्या असल्यानें त्यांची लिपि नोटेवर आली. सारांश, ही ओळ सौजन्याचा नव्हे, तर वहीखात्याचा पुरावा आहे. आणि म्हणूनच तिचें मोल अधिक.

जर्मन नोटांचा इतिहास याहून निराळा. १९०५ च्या नोटा युरोपांत उत्तम रीतीनें छापलेल्या असून पांच रुपींवर सिंह, दहांवर दारेसलामचें बंदर व मोठ्या रकमांवर कैसर विल्हेल्म यांची प्रतिमा आहे. महायुद्धांत समुद्रमार्ग बंद पडल्यावर वसाहतींतच मिळेल त्या कागदावर साध्या नोटा निघूं लागल्या, व १९१७ मध्यें तर रबरी ठशांनीं छापण्यापर्यंत पाळी आली. सिंह गेले, बंदर गेलें, सम्राटहि गेला; उरला केवळ आंकडा व सही. राज्य खचत असल्याचें यापेक्षां स्पष्ट साधन क्वचितच सांपडेल. परंतु असे साधे कागद बनावट करणें सोपें असल्यानें संग्राहकांनीं कागद, अनुक्रमांक व सही हीं तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये.

ब्रिटिश मुलखांत १९२० सालीं रुपयाच्या जागीं फ्लोरिन व १९२१ सालीं शिलिंग आला. पूर्वीं १५ रुपयांस एक पौंड पडे. नव्या ठरावानें रुपयाचे दोन शिलिंग धरले. अर्थात् १५०० रुपयांचें कर्ज पूर्वीं १०० पौंडांचें होतें, तें १५० पौंडांचें झालें. तत्कालीन खतपत्रें वाचतांना हा फरक ध्यानांत न धरल्यास हिशेब चुकेल. झांजीबारचा रुपया मात्र १९३६ पर्यंत टिकला; त्यास दीड शिलिंग मिळाला. शिलिंगाच्या नोटांवर राजाची प्रतिमा असून अरबी व गुजराती अक्षरें तेथेंहि आहेत. स्वातंत्र्याच्या काळांत, १९६४ च्या नोटांवर, राजप्रतिमा जाऊन व्हिक्टोरिया सरोवरावरील शिडाची नाव आली. १९०८ चें गलबत परक्या बंदराकडे जाणारें, ही नाव देशांतल्या पाण्यावरची. भेद एवढाच, पण तो लक्षांत घेण्याजोगा आहे.

ज्यांचे संग्रहीं अशा नोटा असतील, त्यांनीं त्यांस डिंक लावूं नये, धुऊं नये, व ज्या पत्रांबरोबर किंवा वहींत त्या सांपडल्या त्यांपासून त्यांची फारकत करूं नये. नोटेची किंमत बाजार ठरवील. तिचा इतिहास मात्र शेजारचा कागदच सांगतो. अशा नोटांचीं तारीख, लिपि, चित्र व प्राप्तिस्थान यांसह टिपणें विद्वानांनीं प्रसिद्ध करावीं, अशी विनंति आहे.