भिंतीवरची सत्ता

सत्ताधारी भिंत रंगवून घेतो ती केवळ शोभेसाठी नव्हे. इटलीतील सिएना नगरीत १२८७ ते १३५५ पर्यंत नऊ जणांच्या मंडळाचे राज्य होते. त्यांच्या बैठकीच्या दालनात आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ साली सुराज्य आणि कुराज्य रंगवले. न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेला दोर चोवीस नागरिकांनी धरला आहे. वेशीवर सुरक्षेची देवता तरंगते आहे, आणि तिच्या हातात फाशी दिलेल्या माणसासकट वधस्तंभ! मजुराला त्या मंडळात जागा नव्हती.

अशी भिंत आपल्याकडे नाही काय? आमच्या सिंदी (रेल्वे)पासून पवनार फार दूर नाही. वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे वा. वि. मिराशींचे मत. त्याच घराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या, शाखेचा राजा हरिषेण. त्याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले. दान संघाला, पण भिंतीवरच्या लेखात बुद्धवंदना आटोपताच वंशावळ सुरू होते. मूळपुरुष विंध्यशक्ती 'द्विज' होता हे सांगायला लेख विसरत नाही. वर्ण नाकारणाऱ्या तथागताच्या दारात ही नोंद कशासाठी? पुढे हरिषेणाच्या पराक्रमात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची माळ येते. गंमत अशी की अक्षरे झिजून नेमके क्रियापदच गेले आहे. या देशांचे त्याने काय केले ते कळत नाही. दरारा तेवढा उरला. डोंगर फोडणाऱ्या छिन्नीवाल्यांची नावे या लेखात नाहीत.

परंतु लेख एक बोलतो आणि रंग दुसरेच बोलतात. शेजारच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलेले आहे. राजपुत्र विश्वंतर पाऊस आणणारा राज्याचा हत्ती दान देऊन टाकतो. नगरजन खवळतात आणि राजाला त्याला हद्दपार करावे लागते. सिएनाचे नागरिक मुकाट दोर धरून उभे आहेत. इथली प्रजा राजवाड्याला जाब विचारते. पुढे विश्वंतर मुलेही देतो, बायकोही देतो. याला दानपारमिता म्हणतात; मला ते कधीच पटलेले नाही. मुले मागायला आलेला जूजक ब्राह्मण मात्र चित्रकाराने बोकडदाढीचा, पडक्या दातांचा, हावरट नजरेचा काढला आहे, आणि तोही द्विज राजांच्या राज्यात.