शीतइजा : उष्णकटिबंधीय झाडे आणि हिवाळा

शीतइजा : मूळच्या उष्ण प्रदेशातील वनस्पतींना, पाणी गोठण्याच्या बिंदूच्या वर असलेल्या पण त्यांना न मानवणाऱ्या तापमानात होणारी हानी. साधारणपणे शून्य ते १२–१५ अंश सेल्सिअस या टप्प्यात ती घडते. केळी, पपई, आले, नागवेल, तुळस, जास्वंद, क्रोटन, अँथुरियम ही तिची नेहमीची गिऱ्हाइके. गोठल्यामुळे होणारी हानी निराळी. तिथे पेशींच्या आत-बाहेर बर्फ तयार होतो आणि पेशी फाटतात किंवा कोरड्या पडतात. हा फरक ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १८९७ साली स्पष्टपणे मांडला. घरोघरी दिसणारे शीतइजेचे उदाहरण म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलेले केळे. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाणी गोठत नाही, तरी एक-दोन दिवसांत केळ्याची साल काळी पडते. सोलले तर आतला गर मात्र पांढरा आणि खाण्याजोगा असतो. एकाच फळाचे दोन भाग एकाच थंडीत इतके वेगळे वागतात, हे लक्षात घेतले की बागकामातील एका रूढ समजाचा फेरविचार करावा लागतो. तो समज असा : रात्री पारा किती खाली गेला, यावर झाडाचे नुकसान ठरते. प्रत्यक्षात किमान तापमानाचा आकडा हा अनेक घटकांपैकी एक आहे. थंडी किती काळ टिकली, मुळांशी ओल किती होती, सकाळी पानावर ऊन कसे पडले आणि झाड वाढीच्या कोणत्या अवस्थेत होते, या चार गोष्टी बहुतेक वेळा त्या आकड्यापेक्षा निर्णायक ठरतात.

पेशीच्या पातळीवर काय घडते, याचे पहिले व्यापक स्पष्टीकरण पेशीपटलाशी जोडलेले होते. पटलातील स्निग्ध पदार्थ उबेत पातळ आणि प्रवाही असतात, थंडीत ते थिजू लागतात. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत गोठावे, तसे. थिजलेल्या पटलातून क्षार झिरपतात, त्यात बसलेली विकरे नीट काम करत नाहीत आणि पेशीचा ताळेबंद बिघडतो. जे. एम. लायन्स यांनी १९७३ साली हा विचार विस्ताराने मांडला. एवढ्याने सगळे उलगडत नाही, असा आक्षेप त्यावर आला आणि तो रास्त होता, कारण संपूर्ण पटल एकाच तापमानाला थिजताना आढळत नाही. मात्र १९९२ साली नोरिओ मुराता आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपांत एका विकराचे जनुक बदलून हरितलवकाच्या पटलातील एका स्निग्ध घटकाची संपृक्तता कमी-जास्त केली, तेव्हा रोपांची थंडीबाबतची संवेदनशीलताही त्याप्रमाणे बदलली. म्हणजे पटलाचा वाटा खरा, पण तो एकटा नाही. दुसरा वाटा पाण्याचा. २५ अंशांच्या तुलनेत १० अंशांवरचे पाणी सुमारे दीडपट चिकट असते, आणि गारठलेल्या मुळांची पाणी आत घेण्याची क्षमताही घटते. त्यामुळे माती ओली असतानाही दुपारी पाने माना टाकतात. तिसरा वाटा उजेडाचा. गारठलेल्या पानाची अन्न तयार करण्याची प्रक्रिया मंद असते. त्यावर कोवळे का होईना पण थेट ऊन पडले, की शोषलेली ऊर्जा वापरली जात नाही आणि तीच प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला इजा करते. रात्री सुरू झालेले नुकसान अनेकदा सकाळी आठ-नऊ वाजता पुरे होते, ते यामुळे.

मुळात जो आकडा आपण वाचतो, तो झाडाच्या पानाचा नसतोच. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा केंद्राच्या नोंदीत पारा शून्याच्या बराच वर असतो. गोठते ते गवताच्या पात्यावरचे, गाडीच्या टपावरचे आणि स्ट्रॉबेरीच्या पानावरचे दव. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून सखलात साचते. म्हणून एकाच गावात टेकाडावरची बाग सुखरूप राहते आणि ओढ्याकाठची करपते. उलट, आंब्या-फणसाच्या छायेखालच्या रोपाला आकाश कमी दिसते, त्यामुळे ते कमी उष्णता गमावते. पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची भिंत दुपारभर तापून रात्री ती ऊब परत देते. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदले गेले, हा त्या शहराचा नीचांक. पण दाट वस्तीतल्या बाल्कनीतील क्रोटनने आणि उघड्या मैदानावरच्या क्रोटनने तीच रात्र अनुभवली असे म्हणता येणार नाही.

झाडाची अवस्था किती निर्णायक ठरते, याचा सर्वांत ठळक पुरावा जळगाव जिल्ह्यातील केळीच्या पट्ट्यात मिळतो. रावेर, यावल भागात केळीची लागवड मुख्यतः दोन वेळी होते : जून-जुलैची मृगबाग आणि पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग. केळीला साधारण २५ ते ३० अंशांचे तापमान मानवते. १६ अंशांखाली नवे पान येण्याचा वेग बराच मंदावतो आणि १० अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. थंडी दोन्ही बागांवर सारखीच पडते, पण परिणाम वेगळा होतो. कांदेबागेची रोपे त्या वेळी लहान असतात. त्यांचा पोंगा उलगडायला वेळ लागतो, पाने अरुंद आणि पिवळट निघतात, पण फेब्रुवारीनंतर ऊब आली की रोप सावरते. मृगबागेतील झाडे वरून धडधाकट दिसतात. मात्र त्यांच्यापैकी ज्यांच्या खोडात नेमका तेव्हा घड तयार होत असतो, त्यांची पाने आखूड दांड्यांची होऊन शेंड्याशी दाटतात आणि निसवणीच्या वेळी घडाला बाहेर पडायला वाट राहत नाही. तो गळ्यातच अडकतो, कधी खोड फोडून बाजूने बाहेर येतो, फण्या कमी आणि वेड्यावाकड्या भरतात. ज्यांचा घड आधीच लोंबतो आहे, त्यांत तिसरे नुकसान दिसते : सुमारे १३ अंशांखालच्या थंडीत सालीतील चीक नलिकांमध्ये साकळतो, साल सोलून पाहिली तर तपकिरी रेषा दिसतात, आणि फळ पिकल्यावर झळाळीचा पिवळा रंग येण्याऐवजी मळकट राखाडी छटा येते. जहाजाने जाणारी केळी १३–१४ अंशांवरच ठेवतात, त्यामागचे कारण हेच. एक तापमान, एक गाव, आणि तीन प्रकारची हानी : फरक केवळ झाडाच्या अवस्थेचा.

कुंडीतल्या बागेत याच सूत्रातील ओल अधिक महत्त्वाची ठरते. जमिनीतली मुळे खोलवरच्या उबेचा आधार घेतात. कुंडीतला मातीचा गोळा चारी बाजूंनी गारठतो. थंडीत झाडाची वाढ आणि बाष्पोत्सर्जन मंदावते, म्हणजे पाण्याची गरज घटते. पण पाने गळताना पाहून माळी पाणी वाढवतो. गार, चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, मूळकुजीच्या बुरशी फोफावतात आणि झाड मरते. वरकरणी बळी थंडीचा, खरा बळी जास्तीच्या पाण्याचा. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा ब्रिटनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे तुळस, कढीपत्ता, मोगरा कुंडीत लावतात आणि हिवाळ्यात घरात घेतात. तिथे तर खोलीचे तापमान २० अंशांच्या वर असते. तरीही तुळस झुरते आणि कढीपत्ता निष्पर्ण होतो. कारण तिथे दिवस लहान, खिडकीतला उजेड अपुरा आणि तापकामुळे हवा कोरडी, त्यात लाल कोळी माजतो. थंडीच नसलेल्या घरात हिवाळा झाडाला छळतो, ही गोष्ट केवळ तापमान मोजणाऱ्याला कोड्यात टाकणारी आहे.

आकड्यापेक्षा इतर घटक निर्णायक, या मांडणीवर पहिला आक्षेप असा, की जगभरातील बागकाम किमान तापमानावरच आधारलेले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली प्रसिद्ध केलेला आणि पुढे वेळोवेळी सुधारलेला काटकपणाचा नकाशा वर्षातील नीचतम तापमानाच्या सरासरीवर पट्टे पाडतो आणि रोपवाटिका त्यावरूनच झाडे विकतात. हा आक्षेप त्याच्या क्षेत्रात खरा आहे. जिथे जमीन गोठते, तिथे झाड जगेल की मरेल हे बहुधा एखाद्याच अतिथंड रात्रीवर ठरते. तिथे नीचांक हा चांगला मार्गदर्शक. पण शीतइजा ही काळ आणि तापमान यांच्या गुणाकारासारखी साठत जाते. काही तास ८ अंश सोसलेले झाड दुपारी २८ अंशांत बरेचसे सावरते. तेच झाड ढगाळ, ओलसर हवेत सलग आठवडाभर १२ अंशांत राहिले, तर अधिक खचते. हळूहळू उतरणारी थंडी झाडाला काही प्रमाणात काटकही करते, तर उबदार पंधरवड्यानंतर अचानक आलेली लाट त्याला बेसावध गाठते. सरासरी नीचांकाच्या नकाशात यातले काहीच उमटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : उष्ण प्रदेशातील झाडांना थंडी हवीच असते, मग तिला इजा का म्हणावे? आंबा हे त्याचे उत्तम उदाहरण. नियंत्रित प्रयोगांत दिवसा १८ आणि रात्री १० अंश ठेवले की आंब्याच्या डोळ्यांतून मोहर येतो. ३० आणि २५ अंशांत त्याच डोळ्यांतून पालवी फुटते. कोकणात थंडी उशिरा पडली की हापूसचा मोहर लांबतो. हळद, सुरण हिवाळ्यात पाने टाकून कंदात निजतात, चाफा निष्पर्ण होतो. ही इजा नव्हे, ती विश्रांती. संत्रा-डाळिंबासारख्या फळझाडांचा अंबे बहार धरताना शेतकरी हिवाळ्यात पाणी तोडून मुद्दाम ताण देतो. पण हाच आंबा मूळ मुद्द्याला बळ देतो. डिसेंबरमध्ये मोहर आणणारी थंडी, फळधारणेनंतर पुन्हा तीव्रतेने आली तर त्याच झाडाला पुनर्मोहर फुटतो, अन्न नव्या मोहराकडे वळते आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी फळे गळतात. थंडी तीच, झाड तेच. एका महिन्यात वरदान आणि पुढच्या महिन्यात नुकसान. थंडी चांगली की वाईट, हा प्रश्न झाडाची अवस्था सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

उपायांची दिशाही यातूनच ठरते. बाग झाकली की भागले, असे मानले जाते, पण पातळ प्लास्टिक उष्णतेचे उत्सर्जन फारसे अडवत नाही आणि पानाला चिकटले तर तिथेच इजा होते. गोणपाट किंवा जुनी चादर काठ्यांवर ताणून, पानाला न टेकवता, संध्याकाळी घातलेली बरी. सकाळी ती काढावी लागते, नाहीतर आत ओल कोंडून बुरशी वाढते. केळीच्या घडाला सच्छिद्र पिशवी घालतात ती याच जाणिवेने. विहिरीचे पाणी हिवाळ्यात रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून केळीला थंडीच्या रात्री पाणी देतात. ओली जमीन दिवसाची ऊबही अधिक साठवते. कुंडीला हा नियम लावू नये. तिथे वरची माती बोटभर कोरडी झाल्यावर, सकाळी ऊन आल्यावर, कोमट होऊ दिलेले पाणी द्यावे. शेताच्या पश्चिम-उत्तर कडेला शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण वारा अडवते, पण ते पावसाळ्यातच लावावे लागते. ऑक्टोबरनंतर नत्राचा मोठा हप्ता दिला तर थंडीच्या तोंडावर कोवळी, पाणीदार फूट येते आणि तीच आधी मरते. त्याऐवजी पालाशाकडे लक्ष देणे हिताचे. म्हणजे खरी कामे लागवडीची वेळ, जागा, कुंपण आणि खताची आहेत, आणि ती पारा उतरण्यापूर्वीची आहेत.

इजा झाल्यानंतरही घाई नडते. काळी पडलेली पाने कुरूप दिसतात म्हणून लगेच छाटली, तर खालचे जिवंत डोळे उघडे पडतात आणि छाटणीने जागी झालेली फूट पुढच्या लाटेत सापडते. थंडी सरेपर्यंत झाड तसेच ठेवावे, पाणी बेताचे करावे. नंतर नखाने फांदीची साल शेंड्याकडून खाली थोडी थोडी खरवडून पाहावी : तपकिरी भाग मेलेला, ओलसर हिरवा भाग जिवंत, जिथे हिरवे लागेल त्याच्या वर छाट घ्यावा. केळी, आले, हेलिकोनिया यांचे वरचे सगळे वाळले तरी जमिनीतील कंद बहुधा शाबूत असतो, आणि तो शाबूत राहिला की नाही हे त्या रात्रीच्या आकड्यापेक्षा कंदाभोवतीच्या मातीत पाणी साचले होते की निचरा झाला होता, यावर अधिक ठरते.