स्टॉलचा आकडा

मराठीत ‘स्टॉल’ म्हटलं की वडापावची गाडी नाहीतर प्रदर्शनातला गाळा आठवतो. इंग्रजीत हा शब्द तबेल्यातला: घोड्याचं ठाण. जनावर ठाण मांडून अडलं तरी तोच शब्द, चालता चालता इंजिन बंद पडलं तरी तोच. पुढे तो विमानाच्या पंखाला चिकटला आणि तिथे त्याने गैरसमजही सोबत नेला. विमान ‘स्टॉल’ झालं म्हणजे इंजिन बंद पडलं असं नव्हे. नाक फार वर उचललं, पंखाचा हवेशी होणारा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला, की वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही. ती सुटते आणि पंख विमानाला पेलत नाही.

जर्मनीत ऑटो लिलिएंथालने हे जिवावर भोगलं. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्याचा ग्लायडर हवेत थबकला आणि सुमारे पंधरा मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी तो गेला. स्टॉलची धास्ती तेव्हापासूनची आहे.

वेग जितका कमी, तितकं नाक वर उचलावं लागतं, म्हणून ही धास्ती वेगाच्या आकड्यात बांधता येते. त्याला मात्र वेळ लागला. 1927मध्ये अमेरिकेत गुगेनहाइम निधीने सुरक्षित विमानासाठी एक लाख डॉलरचं बक्षीस लावलं. अट होती ताशी 35 मैल इतक्या मंद वेगातही सरळ उडण्याची. कर्टिस टॅनेजर या विमानाने ते जिंकलं. 1940च्या दशकातल्या अमेरिकी नियमांत एका इंजिनाच्या लहान विमानासाठी ताशी 70 मैलांची, म्हणजे 61 नॉटची, मर्यादा आली: पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप उतरवलेलं विमान त्याच्या आत स्टॉल व्हायला हवं. कारण सरळ आहे. इंजिन गेलं तर शेतात उतरायचं, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हा आकडा माणसाच्या हाडामांसाकडे बघून ठरवलेला आहे, म्हणून मला तो वजनाच्या मर्यादेपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

2004मध्ये अमेरिकेत स्पोर्ट पायलटचा परवाना आला. वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारीचा परवाना चालायचा, त्यामुळे कितीतरी वयस्क वैमानिकांना आकाश परत मिळालं. पण जमिनीवरून उडणारं विमान 600 किलोंच्या आत, आसनं दोनच आणि स्टॉल 45 नॉटच्या आत हवा. जुनं पायपर कब सहज बसलं. ज्यावर असंख्य लोक उडायला शिकले ते सेसना 152 मात्र बाहेर राहिलं: वजन 757 किलो, स्टॉल 48 नॉट. शिकवायला चालणारं विमान शिकलेल्या माणसाला चालत नव्हतं. मला हा अन्यायच वाटत आला.

जुलै 2025मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि स्पोर्ट पायलटसाठी तो 22 ऑक्टोबरपासून लागू झाला. वजनाची अट गेली. प्रस्तावात स्टॉलची मर्यादा 54 नॉट होती. लोकांनी हरकती मांडल्या आणि ती 59वर गेली.

आपलं विमान यात बसतं का, हे बघताना तीन गोष्टी जपाव्या लागतात. आकडा फ्लॅप न उतरवता मोजायचा. तो पूर्ण कमाल वजनाचा हवा. आणि काट्यावरचा नको, दुरुस्त केलेला हवा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नाक वर असताना वेग मोजणाऱ्या नळीत हवा तिरपी शिरते आणि काटा कमी दाखवतो. सेसना 172एस या विमानाच्या वेगमापकावर हिरवा पट्टा 48पाशी सुरू होतो; हँडबुकात दुरुस्त आकडा 53 आहे. मधल्या पाच नॉटांनी या विमानाचं काही बिघडत नाही, पण मर्यादेला टेकलेल्या विमानाचा निकाल तेवढ्यावर फिरेल. म्हणून पट्टा पाहून ठरवू नये, हँडबुक उघडावं.

53 म्हणजे 59च्या आत. 172एस बसलं. फक्त चारांपैकी मागची दोन आसनं रिकामी ठेवायची, कारण स्पोर्ट पायलटला सोबत अजूनही एकच माणूस नेता येतो.