मांडवाबाहेरचे सूर

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या बाजारगावात लग्न ठरलं की वाजंत्र्यांना सुपारी जायची. एकजण सनई वाजवायचा, दुसरा नुसता 'सूर' धरून बसायचा. गाल फुगवलेले, श्वास न तोडता तोच एक स्वर. मैफलीत जे काम तानपुरा करतो, ते इथं माणसाची छाती करायची. या भागातले वाजंत्री बहुतेक होलार नाही तर मातंग समाजाचे. त्यांच्याशिवाय मुहूर्त साधत नसे. बसायची जागा मात्र मांडवाच्या दाराशी आणि पंगत सगळ्यांत शेवटी.

वाजंत्री असे दाराशी राहिले; शास्त्रीय संगीताची प्रतिष्ठा घडली ती शहरांत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या. मध्यमवर्गातल्या मुलामुलींना गाणं शिकता आलं ते या दोघांमुळे, हे मान्यच करायला हवं. पण ज्यांच्या घरात हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतं, त्या कलावंतिणींकडे आता चारित्र्याचा दाखला मागितला जाऊ लागला. १९४६ साली नभोवाणी खातं वल्लभभाई पटेलांकडे असताना, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम मानलं जाई अशा गायिकांना रेडिओ बंद झाला. गळा ऐकण्याआधी घर तपासलं गेलं.

त्यातूनही गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिखरावर पोचल्या. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम होती, मुंबईसारखं शहर होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या संगीतबारीला, म्हणजे लावणीच्या बैठकीला, यातलं काय मिळालं? तिथं कोल्हाटी समाजातल्या बायका तबला-पेटीच्या साथीनं बैठकीची लावणी गात आल्या. एकाच ओळीवर दहा तऱ्हांनी अदा करायची, दर वेळी स्वरांची बढत वेगळी आणि डोळ्यांचा भाव वेगळा. पिलू, भैरवी हे राग तिथंही ओळखीचे. हेच काम ठुमरीत झालं की 'उपशास्त्रीय', आणि बारीत झालं की दौलतजादा, म्हणजे पैसे उधळण्याची करमणूक.

उलट दिशेनं गेलेल्या माणसाची गोष्ट मात्र आवडीनं सांगितली जाते. सोलापूरचे राम जोशी शास्त्र्यांच्या घरातले, तमाशाच्या नादानं घराबाहेर पडले आणि पेशवाईअखेरचे नामांकित शाहीर झाले. त्यांच्यावर १९४७ साली चित्रपटही आला. ब्राह्मण तमाशात गेला तर ती दंतकथा होते. कोल्हाट्याची मुलगी ख्याल गायला बसली असती तर तिच्यावर चित्रपट निघाला असता, असं वाटत नाही.

दाराशी बसणाऱ्यांची कला मैफलीत पोचत नाही, याला सोलापुरातच एक सणसणीत अपवाद आहे. इथल्या जाधव घराण्यानं सनईपेक्षा आखूड, चढ्या आवाजाची सुंदरी घडवली आणि तिच्यावर राग मांडून ती थेट मैफलीत आणली. अक्कलकोटच्या दरबारात तिला हे नाव मिळालं, असं सांगतात. दाराशी वाजणारं वाद्य व्यासपीठावर गेलं, तेही दरबाराचा हात लागला म्हणून.

लावणीला तो हात फार उशिरा मिळाला. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर १९७५च्या सुमारास दिल्लीत कथक नर्तक बिरजू महाराजांबरोबर एका मंचावर आल्या, तेव्हा जाणकारांच्या भुवया उंचावल्या; पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर. सोलापूर जिल्ह्याचा सांगीतिक इतिहास कुणी लिहायला घेतला, तर मोडनिंबच्या बैठकीला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावं. आणि ते 'लोककला' या सदरात ढकलू नये.