कवळीचें मऊ अस्तर

‘दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं गेलेला दांत कायमचाच गेला असें समजत. ती उणीव भरून काढण्याचा उपाय सामान्य माणसाच्या आवांक्यांत नव्हता. आज कवळी ही घरोघरची वस्तु झाली आहे. रात्रीं ती पाण्याच्या वाटींत ठेवलेली पाहून लहान मुलांसही नवल वाटत नाहीं. परंतु या लहानशा वस्तूच्या मागें दोन शतकांहून अधिक काळ चाललेली एक झटापट आहे. कवळी कठीण असल्यावांचून घांस चावतां येत नाहीं; आणि ती जिच्यावर टेकते ती हिरडी मऊ व सजीव असल्यामुळें तिला कठीण वस्तु सोसत नाहीं. या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या खटपटींतूनच कवळीचा इतिहास घडला आहे.

आरंभीं हा मेळ मुळींच बसला नव्हता. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७८९ सालीं अधिकारग्रहण केलें, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता. त्यांची कवळी लांकडाची होती ही कथा फार प्रसिद्ध आहे, पण ती खरी नव्हे. पाणघोड्याचे दांत, हत्तीचे दांत, माणसांचे खरे दांत आणि शिसें अशा पदार्थांपासून त्यांच्या कवळ्या बनविल्या होत्या. वरचा व खालचा भाग स्प्रिंगांनीं जोडलेला असल्यानें तोंड मिटून ठेवण्यासही जोर करावा लागे. पुढें १८१५ सालीं वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दांत उपटून विकण्यांत आले व ते धनिकांच्या कवळ्यांत बसले. इतका खर्च करूनही हस्तिदंत लाळेनें कुजे, त्यास दुर्गंधी येई, आणि कोरून काढलेला तुकडा हिरडीच्या उंचसखल भागावर नेमका बसविणें दुर्घटच राही.

ही स्थिति बदलली ती रबरामुळें. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं असें पाहिलें कीं, रबरांत गंधक मिसळून तें तापविलें म्हणजे तें उन्हानें चिकट होत नाहीं व थंडीनें तडकत नाहीं. १८४४ सालीं त्यास या कृतीचें पेटंट मिळालें. त्याचा भाऊ नेल्सन यानें १८५१ सालीं कठीण रबराचें पेटंट घेतलें. या दोहोंमधील फरक मुख्यतः गंधकाच्या प्रमाणाचा आहे. रबराचे कण म्हणजे लांबच लांब सांखळ्या; गंधक त्यांना जागोजाग टांके घालतो. टांके विरळ असले तर रबर ताणतें आणि परत जागेवर येतें. दोन भाग रबरास एक भाग या प्रमाणांत गंधक घातला तर टांके इतके दाट पडतात कीं, रबर लांकडासारखें टणक होतें. यालाच व्हल्कनाइट म्हणत. कच्चें असतां तें साच्यांत दाबून हिरडीचा हुबेहूब ठसा घेतां येई आणि मग वाफेच्या उष्णतेनें तें कायमचें घट्ट करतां येई. त्याला हिरडीचा रंग यावा म्हणून त्यांत हिंगूळ घालीत.

याच सुमारास, १८४६ सालीं, बोस्टनच्या रुग्णालयांत विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखविला. वेदनेवांचून दांत काढतां येऊं लागले व कवळीची मागणी वाढली. परंतु स्वस्त कवळीच्या मार्गांत पेटंट आडवें आलें. व्हल्कनाइटच्या कवळीचें पेटंट १८६४ सालीं जॉन कमिंग्ज यास मिळालें, आणि तें हातीं आल्यावर गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीनें दंतवैद्यांकडून परवान्याची फी मागण्यास प्रारंभ केला. जे देत ना, त्यांच्यावर कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन दावे लावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही पेटंट ग्राह्य ठरविलें. अखेर १३ एप्रिल १८७९ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका हॉटेलांत सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्यानें बेकनला गोळी घालून ठार केलें. १८८१ सालीं पेटंटची मुदत संपली आणि कठीण रबर सर्वांस मोकळें झालें.

कठीणपणाचा प्रश्न असा सुटला. मऊपणाचा मात्र तसाच राहिला. तो किती बिकट आहे हें कांहीं आंकड्यांवरून कळेल. खऱ्या दांताच्या मुळाभोंवतीं तंतूंचें एक नाजूक वेष्टण असतें व चावण्याचा भार तें झेलतें. एका जबड्यांतील सर्व दांतांचें हें वेष्टण पसरलें तर तें सुमारें ४५ चौरस सेंटिमीटर भरतें. दांत गेल्यावर वरच्या कवळीस टेकण्यास सुमारें २३ आणि खालच्या कवळीस अवघी १२ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. तीही भार घेण्यासाठीं घडलेली नसते. खालीं हाड आणि वर कठीण कवळी, अशा कात्रींत हिरडी सांपडते.

म्हणून कवळीच्या आंतल्या अंगास मऊ रबराचें अस्तर लावण्याचे प्रयत्न १८६९ च्या सुमारासच सुरू झाले. परंतु तें रबर लाळ शोषून घेई, फुगे व घाण धरी. १९३० नंतरच्या दशकांत ॲक्रिलिकनें व्हल्कनाइटची जागा घेतली. नवी कवळी रंगानें हिरडीसारखी आणि दिसण्यास सुरेख झाली. मात्र हें द्रव्य सुमारें १०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत कांचेसारखें ताठ राहतें. तोंडाच्या ३७ अंशांत तें नरम कसें व्हावें?

रसायनशास्त्रानें यावर दोन उपाय काढले. पहिला उपाय, ताठ द्रव्यांत तेलासारखा द्रव मुरविणें. १९४५ सालीं अशा रीतीनें नरम केलेलें व्हिनिल द्रव्य पुढें आलें व मागाहून नरम ॲक्रिलिकही आलें. कातड्याच्या वहाणेला तेल पाजलें कीं ती नरम पडते, आणि तेल निघून गेलें कीं पुन्हां कडक होते. या अस्तराचें तसेंच आहे. आंतला द्रव लाळेंत हळूहळू उतरतो, त्याच्या जागीं पाणी शिरतें आणि अस्तर ताठतें. दुसरा उपाय १९५८ सालीं आला, तो सिलिकोनचा. सिलिकोन मुळांतच लवचिक असल्यामुळें त्यास उसना द्रव लागत नाहीं व त्याचा मऊपणा पुष्कळ टिकतो. पण त्याचें ॲक्रिलिकशीं सख्य नाहीं. मध्यें चिकटद्रव्य लावावें लागतें, आणि तरीही तें कडेनें सुटतें. फटींत बुरशी वाढते.

अस्तराचा मऊपणा केवळ बोटानें दाबून ठरवीत नाहींत. शोर यांच्या नांवाच्या यंत्राची बोथट सुई त्यांत किती रुतते हें शून्य ते शंभर या मापांत मोजतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणें दीर्घकाळ वापरावयाच्या अस्तराचा कठीणपणा आरंभीं ५० च्या वर नसावा. २५ च्या आंतील अस्तर अतिमऊ गणतात. जाडीही दोन-तीन मिलिमीटर लागते. पण अस्तर जाड केलें तर कवळीचें कठीण अंग पातळ होतें व तें मोडतें. एक गुण पदरांत घ्यावा तर दुसरा निसटतो.

शिवाय हिरडीखालचें हाडही स्थिर नसतें. आंत्ये टालग्रेन या संशोधिकेनें २५ वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष १९७२ सालीं प्रसिद्ध केले. पुढच्या भागांत हाड वर्षानुवर्षें झिजतच राहतें, आणि खालच्या जबड्यांत ही झीज वरच्याच्या सुमारें चौपट असते, असें त्यांत दिसून आलें. म्हणजे आज नेमकी बसलेली कवळी कांहीं वर्षांनीं टोंचूं लागली, तर तो नेहमींच कारागिराचा दोष नसतो. पुष्कळ वृद्ध माणसें अशा वेळीं कवळी फडक्यांत बांधून फडताळांत ठेवून देतात आणि पेज-भातावर दिवस काढतात. हें सोसणें अनाठायीं आहे. अस्तर ताठलें, सुटलें किंवा काळवंडलें तर तें दंतवैद्याकडून काढून नवें घालतां येतें. कोटाचें अस्तर विरलें म्हणून कोणी कोट टाकून देत नाहीं. मऊपणा हा कवळीचा कायमचा गुण करणें आजवर साधलेलें नाहीं. तो वेळोवेळीं नव्यानें पुरवावा लागतो, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे म्हातारपणीं चणे नाहीं तरी भाकरीचा घांस खचित लाभेल.